अपत्य : निरंक

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगत होते तेव्हा आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला आणि वर तिनं मलाच बोल लावला. म्हणून आधीच सांगून ठेवते, या सगळ्यात बाकीच्यांनी माझं भलंच केलं. शहाणी काय ती मी एकटी होते. आणि शहाणीनं काय केलं? कंपनीच्या ऑफिसात, मोठ्या साहेबासमोर, पोटची पोर विकल्याचं कबूल केलं!

हो, विकल्याचं. मूठभर बाजरीला.

थांबा, असं बघू नका माझ्याकडं. पहिल्यापासून सांगते.

माझं नाव सुमन. माहेर लासुर्ण्याचं, शिक्षण सातवी. सातवीनंतर धाकटी तीन भावंडं सांभाळायला घरात मी लागायची, म्हणून दप्तर खुंटीला गेलं ते गेलंच. पण अक्षर माझं वळणदार, ते अजून तसंच आहे. लग्न होऊन लोणी देवकरजवळच्या वस्तीवर आले. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. थोरले दीर, त्यांची बायको आक्का आणि त्यांची तीन पोरं. आणि आमचे हे. हे उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. कारखाना चालू असला की ह्यांचं तोंड दिसायचं नाही, आणि धुराडं थंड झालं की हे घरी बसून माझ्या कालवणाला नावं ठेवायचे.

आणि रेश्मा. लग्नानंतर पाच वर्षांनी, एक पोटातलं गेल्यावर झालेली. तेव्हा दीड वर्षाची होती. आता तुम्हीच सांगा, अशा लेकराला आई जपणार नाही तर काय करील? पण मी जरा जास्तच जपायची, हे कबूल. एक शिंक आली की लोकरीची टोपी, दोन आल्या की इंदापूरचे डॉक्टर. डॉक्टर एकदा म्हणाले, "बाई, पोरगी ठणठणीत आहे. औषध तुम्हालाच लिहून देऊ का?" दोन्ही गालांना, कपाळाला, तळपायाला, सगळीकडं तीट. आक्का म्हणायची, "सुमे, उरलेली पोर बी काळी करून टाक. म्हंजी दिष्ट लागायला जागाच उरायची न्हाय!"

त्याच साली इथल्या एमआयडीसीत एक सुताची कंपनी चालू झाली. फाट्यावरच्या पिंपळाला कागद चिकटवला होता. 'पॅकिंग खात्यात महिला कामगार पाहिजेत. शिक्षण सातवी पास. स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज करावा.'

मी तो कागद तीनदा वाचला. सातवी पास! अहो, आजवर माझी सातवी कुणी विचारली होती का? भाकरी थापताना लागत नाही, खुरपताना लागत नाही. आणि इथं झाडावर चिकटवून माझी सातवी कुणीतरी मागत होतं! शिवाय बारमाही काम. ह्यांच्या धुराड्याकडं बघत बसायला नको. रेश्माचं दप्तर माझ्यासारखं मध्येच खुंटीला जायला नको. मला ती नोकरी पाहिजेच होती.

आमच्या वस्तीवर अर्ज म्हटलं की सर्जेराव तात्या. माझे चुलत सासरे. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले तरी कानावरची लाल पेन्सिल रिटायर झाली नव्हती.

मी दोन पानं अर्ज लिहून नेला. तात्यांनी चष्मा चढवला, पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं.

"सूनबाई, ह्यो अर्ज हाय का पोथी?"

"जे जे येतं ते समदं लिवलं, तात्या."

"समदं कशापायी? अगं, अर्ज म्हंजी झंपर असतोया. ज्याच्या अंगात चढवायचा त्याच्या मापानं बेतायचा. कंपनीला काय पायजे? खोकी भरणारी बाई. मग खोक्याच्या मापाचं तेवढं ठेवायचं. बाकीचं कातरायचं."

आणि तात्यांनी कातरायला घेतलं.

"कोथिंबिरीच्या जुड्या बांधती? लिव, मालाची मोजून बांधणी करण्याचा अनुभव. मेंढरं मोजून आत घालती? लिव, नगांची अचूक मोजदाद."

मेंढरं आता आठच उरली होती. पण 'नग' म्हटल्यावर मलाच कळपाचा कळप दिसायला लागला!

"गोधडी शिवती? बारीक कामाची सवय. जावंसंगं भांडत न्हाय? सहकार्याची वृत्ती."

"तात्या, कवा कवा भांडतो की आमी."

"ते कातरलं."

"आन भावंडं सांभाळली ते?"

"ही कंपनी हाय, बालवाडी न्हवं." फर्रकन लाल रेघ!

दोन पानांचं अर्धं पान झालं. मी वाचून बघितलं तर त्यात मी कुठंच नव्हते. पण जी बाई होती ती अशी झकास होती, की मला भेटली असती तर मीच तिला कामावर ठेवलं असतं. तात्यांचे उपकार कसे विसरू? माझ्या जुड्या, माझी मेंढरं, माझ्या गोधड्या यांना असली भारी नावं असतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग तात्या शेवटच्या ओळीवर आले आणि पेन्सिल थांबली.

"बारकं पोर हाय न्हवं तुला? कंपनी घ्यायची न्हाय. बारकं पोर असलं की खाडं हुत्यात. आज ताप, उंद्या जुलाब. मी जन्मभर खाड्याच्याच वह्या लिवल्यात, मला इचार. लिव : अपत्य, निरंक."

निरंक म्हणजे कागदोपत्री भाषेत काहीच नाही. शून्य. पाटी कोरी.

"तात्या! जित्या लेकराला निरंक?"

"कागदावर गं. पोर काय कागद वाचून पळून चाललीया व्हय?"

घरी येऊन मी पक्का अर्ज लिहायला बसले. सगळा झरझर उतरला. 'अपत्य' लिहिलं. पुढं दोन टिंबं दिली. पेन टेकवला… आणि झोळीत रेश्मा शिंकली!

संपलं. पेन हातातून गळाला. आईच्या हातानं 'निरंक' लिहायचं आणि वरती बघणाऱ्यानं ते खरं मानलं तर? मी रडायलाच लागले. अर्ज टाकायची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. लिहावं तर लेकराचं भय, न लिहावं तर नोकरी गेली.

आत्याबाई तिथंच बाजरी पाखडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि सुपावरची नजर न हलवता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पोर देऊन टाक."

"आत्या!"

"अगं, सुपात घालून. थोरलीला दे."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडं ज्या घरात लेकरू टिकत नाही तिथं जन्मलेलं मूल सुपात घालून दुसऱ्या बाईला देतात. ती मूठभर धान्य टाकून विकत घेते. मूल राहतं आईजवळच, पितं आईचंच, पण बोलायला दुसरीचं. वाईट नजर त्याला शोधत आलीच, तर चुकीच्या दारात जाते. पुढं खण-नारळ देऊन सोडवून आणायचं. आमचे हे असेच शेजारच्या म्हातारीला दिलेले. सोडवून आणायचं राहून गेलं, ते राहिलंच. ती म्हातारी दर दिवाळीला दारात उभी. "माझा ल्योक कुठाय?" म्हणते आणि लुगडं घेऊन जाते!

"मेंढरांचा कळप मोठा हुता तवा आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचो न्हवं का?" आत्याबाई म्हणाल्या. "तसंच हे. पोर थोरलीची झाली म्हंजी तू निरंकच की! मग कागदात खोटं कुठं ऱ्हायलं?"

आणि मला ते पटलं! तुम्हाला नाही पटलं? तुम्ही माझ्या जागेवर नव्हता. मला तर वाटलं, एवढी हुशार सासू कुणाला लाभते?

आक्काला हाक मारली. तिला तीन पोरगेच, पोरगी नाही. तिनं शेणाचे हात धुतले, पदराला पुसले, डोक्यावर पदर घेतला. मी रेश्माला सुपात बसवलं. रेश्मा सुपाचा काठ चावत होती. आक्कानं बाजरीची मूठ भरून माझ्या ओटीत टाकली.

"दिली का?"

"दिली."

"मनापासनं?"

"आक्का, घे की आता गुमान!"

"घेतली बया. आजपासनं माझी लेक." आणि पोर काखेला मारून ती सरळ तिच्या खोलीत गेली.

मी हात धुतले आणि 'निरंक' लिहिलं. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण आक्कानं ते मनावरच घेतलं! दुसऱ्या दिवशी बघते तर रेश्माची टोपी गायब.

"आक्का, टोपी कुठाय? वारं लागंल!"

"उन्हाळ्याचं दिस हायेत, सुमे. माझ्या पोरीला उकडतंय."

"ताप येईल!"

"माझी पोर, माझा ताप. तू निरंक हायेस, निरंकावाणी ऱ्हा."

पाजायला तेवढी माझ्याकडं द्यायची आणि झालं की घेऊन जायची. तिच्या तीन पोरांबरोबर रेश्मा मातीत लोळायला लागली. गालावरचं तीट एकवर आलं. मी ओट्यावर बसून ती किती वेळा पडते ते मोजायची आणि प्रत्येक खेपेला अर्धी उठायची. आणि तुम्हाला सांगते, आठ दिवसांत त्या पोरीला एक शिंक आली नाही! मला मात्र सर्दी झाली.

"सोडवून घेऊ का आता?" मी आत्याबाईंना विचारलं.

"येडी का काय? अर्ज तिकडं निरंक म्हणून पडलाया. नोकरी लागू दे आधी."

नवव्या दिवशी बोलावणं आलं. सकाळी दहाला मुलाखत.

रेश्मा अंगावर पिणारी, तिला दिवसभर ठेवायची कशी? आक्का म्हणाली, "मी येती की संगं. माझ्या पोरीला घिऊन मी कुठंबी जाईन. एसटीत आन गेटावर तेवढी तू मला वळख द्यायची न्हाय."

तसं ठरलं. फाट्यावर एसटी आली. मी पुढं बसले, आक्का आणि रेश्मा दोन बाकं मागं. एसटी हलली आणि रेश्मानं माझी वेणी बघितली. मग काय! "आयी! आयी!" करून अख्खी गाडी डोक्यावर घेतली. मी खिडकीतून बाहेर ऊस बघतेय. इतक्या मन लावून ऊस मी कधी खुरपलाही नसेल.

कंडक्टर आला. "ओ ताई, ते पोर तुमच्याकडं झेपावतंय."

"सवय हाय तिला. कुणाकडंबी जाती."

"मग माझ्याकडं का येईना?"

मागून आक्का ओरडली, "तिकिटं फाडा तुमी! माझ्या पोरीचं मी बघती."

कंपनीच्या गेटावर चाळीसेक बायका. आक्का पोरीला घेऊन गेटाशेजारच्या लिंबाखाली बसली. माझा नंबर आला आणि मी आत जाऊन खुर्चीवर बसले. टेबलामागं एक साहेब, जाड मिशीचे. त्यांच्या शेजारी पुण्याच्या एक मॅडम, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. माझा अर्ज त्यांच्याच हातात होता.

"अक्षर सुरेख आहे हो तुमचं," मॅडम म्हणाल्या.

माझे पाय जमिनीपासून वीतभर वर गेले.

"नगांची अचूक मोजदाद… कसले नग?"

"मेंढरं," मी बोलून गेले.

साहेबांनी मिशीवर हात फिरवला. मॅडमनी खालचा ओठ दाताखाली धरला आणि पुढं वाचायला लागल्या. "अपत्य, निरंक. म्हणजे मूलबाळ नाही तुम्हाला?"

आता खोटं तर बोलायचं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "न्हाय. म्हंजी… सध्या न्हाय."

"सध्या?"

"म्हंजी सध्याच्या टायमाला न्हाय."

मॅडमनी अर्ज खाली ठेवला. चेहरा जरा पडला होता. "असं बघा सुमनताई, आमच्याकडं बायका येतात आणि लहान मूल घरी रडतंय म्हणून दोन महिन्यांत सोडून जातात. म्हणून आम्ही कंपनीतच पाळणाघर काढतोय. मुलाला घेऊन यायचं, ते इथं राहील, तुम्ही काम करा. पॅकिंगलाही या वेळी लहान मुलं असलेल्या बायकांनाच आधी घ्यायचं ठरवलंय. तुमचा अर्ज चांगला आहे, पण तुम्हाला तशी गरज नाही ना! पुढच्या भरतीत बघू."

ऐकलंत? लहान मूल असलेल्यांना आधी! आणि पाळणाघर! आणि माझी भावंडं तात्यांच्या लाल रेघेखाली, आणि माझी पोर लिंबाखाली, आक्काची म्हणून बसलेली!

बोलावं तर काय बोलावं? 'मला मूल आहे' म्हणावं तर अर्ज खोटा. आणि खरं म्हणजे, नव्हतीच की ती माझी!

एवढ्यात दार वाजलं. गेटावरचा वॉचमन आत डोकावला. "मॅडम, ही बाई पोराला घेऊन बसली होती. पाळणाघराचं म्हणालात म्हणून आत आणली."

आणि आक्का आत! काखेत रेश्मा. आक्कानं मला बघितलं, आणि ठरल्याप्रमाणं मुळीच ओळख दिली नाही. भिंतीवरच्या पंख्याला जेवढी ओळख द्यावी तेवढी मला दिली.

मॅडम खुलल्या. "या, या! गोड आहे हो. तुमची मुलगी का?"

"व्हय," आक्का म्हणाली. आता तिथं थांबायचं की नाही? पण आमची आक्का म्हणजे सरळ नांगर. "माझीच हाय. इकत घेतलीया."

"काय घेतलीय?" साहेब म्हणाले.

"इकत. समद्या घरादेखत. चोरून न्हाय घेतली."

"कुणाकडून?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. ओळख द्यायची नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून नाव नाही घेतलं. नुसतं बोट केलं. "ह्या बाईकडनं. मूठभर बाजरीला."

साहेब खुर्चीतून उठले. मिशी थरथरत होती. "बाई, हे खरं आहे? तुम्ही मूल विकलं?"

आणि मी काय म्हणावं? घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरंच बाहेर पडतं हो. मी म्हणाले, "व्हय साहेब. पर बाजरी आमच्याच घरातली हुती!"

साहेबांनी फोनाकडं हात नेला. "पोलिसांना बोलवा! आधी पोलिसांना बोलवा!"

मला तर बेड्याच दिसायला लागल्या. मी हात जोडले. आणि त्या गोंधळात रेश्मानं मला बघितलं. एसटीतला सगळा राग तिच्या लक्षात होता. तिनं आक्काच्या काखेतून अशी उडी घेतली की आक्काची बांगडी फुटली. सरळ माझ्या मांडीवर आली, पदर ओढला, आत डोकं खुपसलं आणि चुटूचुटू प्यायला लागली.

साहेब घाईघाईनं खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. फोन हातात तसाच.

"घ्या!" आक्का म्हणाली. "कोकरू शेवटी आपली मेंढी हुडकतंच."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "सुमनताई, आता पहिल्यापासून सांगा."

मग मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, हुंदके देत सांगितलं. तात्यांचा झंपर, खाडं, शिंक, सूप, बाजरी, सगळं. "नोकरी नका देऊ मॅडम, पर पोलीस नका बोलवू. मला नुसतं खोटं लिहायचं नव्हतं. जित्या लेकराला निरंक लिहायला हात धजंना, म्हणून आधी तिला खरंच देऊन टाकली आणि मग लिवलं."

तशी साहेबांची खिडकीकडं वळलेली पाठ हलायला लागली. मला वाटलं, रागानं. पण ते हसत होते! मॅडमनी तर डोळेच पुसले. हसून की आणखी कशानं, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "हे घ्या. इथंच बसा आणि दुसरा अर्ज लिहा. या वेळी तुम्ही जशा आहात तसा."

त्या कागदासाठी मी त्या बाईचं नाव अजून देवापुढं घेते. माझ्या चुकीवर कुणी मला कोरा कागद दिला, असं आधी कधी झालं नव्हतं.

मी पेन घेतला. भावंडं सांभाळली, लिहिलं. गोधड्या, मेंढरं, सगळं लिहिलं. 'अपत्य' लिहिलं. दोन टिंबं दिली. आणि थांबले.

"आता काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"एक कसं लिहू? अजून सोडवून कुठं घेतलीया?"

"अहो, पण ती तुमचीच मुलगी आहे!"

"न्हाय मॅडम," आक्का मध्येच बोलली. "रीत ती रीत. खण-नारळाबिगर पोर परत जात न्हाय."

"इथं खण-नारळ कुठून आणायचा?"

आक्कानं जरा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. तिची नड हाय म्हणून मूठभर धान्यावर भागवती. खण-नारळ दिवाळीला बघू."

आणि मग काय झालं माहीत आहे? मघाशी पोलिसांना बोलवणारे ते साहेब स्वतः उठून कँटीनमध्ये गेले आणि मुठीत तांदूळ घेऊन आले! सूप नव्हतं, म्हणून अर्ज ठेवायच्या तारेच्या ट्रेमधले अर्ज काढून रेश्माला त्यात बसवलं. ती लगेच तार चावायला लागली. मी तांदूळ आक्काच्या ओटीत घातले.

"दिली का, आक्का?"

आक्का थांबली. नऊ दिवस ती पोर तिच्या काखेत होती, तिच्या हातची खिमटी खात होती. तिनं रेश्माच्या टाळूवरून हात फिरवला.

"दिली," म्हणाली. "पर टोपी घालू नगंस तिला."

मी 'अपत्य : एक' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, डोळ्यांत पाणी होतं ना!

मॅडमनी अर्ज वाचला. "पाळणाघराला मदतनीस पाहिजेच आहे. तुम्ही भावंडंही सांभाळलीत. मला सांगा, एकदम दहा मुलं आहेत आणि त्यातलं एखादं पडलं, तर काय कराल?"

"पडलं?" मी ओरडले. "किती उंचावरनं? लागलं का?"

मॅडमनी आक्काकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

"उचलायचं, फुकर मारायची, दुसऱ्या पोराची खोडी दाखवायची. रडू इसारतंय."

"लिहिता येतं?"

"न्हाय. अंगठा."

आता तुम्हीच सांगा, पाळणाघराची नोकरी कुणाला लागली असेल? मी तीन वेळा अर्ज लिहिला. तात्यांनी कातरला, सासूनं तोडगा काढला, साहेबांनी तांदूळ आणले. आणि नोकरी आधी लागली कुणाला? जिनं अर्जच केला नव्हता, तिला! तिचा जोडीचा अर्ज मीच तिथं बसून लिहिला. खाली आक्काचा अंगठा.

मलाही घेतलं हो पॅकिंगला. नाही असं नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खोकीच भरा, सुमनताई. खोकी पडली तरी तुम्हाला कळ येणार नाही."

तात्यांना सांगितलं, तेव्हा ते पेन्सिल कानावर चढवत म्हणाले, "बग, झंपर माझा चुकीचा नव्हताच. कंपनीनंच अंग बदललं!" आत्याबाई तर अजून सगळ्यांना सांगतात की सुनांना नोकऱ्या त्यांच्या सुपानं लागल्या. मीही नाही म्हणत नाही. कुणाचं म्हणून नाकारू? झंपर, सूप, कोरा कागद, मूठभर तांदूळ, सगळ्यांचं मिळून माझं घर बारमाही चालतंय.

मग चार वर्षं आम्ही तिघी एकाच एसटीनं गेलो आणि एकाच एसटीनं आलो. मी सूत मोजायची, आक्का पोरं. रेश्मा आक्काच्या हाताखाली वाढली म्हणून बिनटोपीची, धीट आणि तोंडाची फटकळ झाली. माझ्या हाताखाली वाढली असती तर अजून गोधडीतच असती.

आता शेवटचं ऐका आणि मग चहा उचला.

परवा तिचं नाव पहिलीत घातलं. आता शाळेत बापाबरोबर आईचंही नाव लिहून घेतात. मी नवीन लुगडं नेसून उभी, आक्का शेजारी. सातवी पास आई म्हणून मला केवढी मिजास! हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि कौतुकानं रेश्मालाच विचारलं, "बाळ, आईचं नाव काय तुझ्या?"

रेश्मानं आमच्या दोघींकडं नीट बघून घेतलं आणि भर शाळेत खणखणीत विचारलं,

"कुठल्या आईचं, गुरुजी? जिनं इकलं तिचं, का जिनं इकत घेतलं तिचं?"